जेटला हात सगळ्यात शेवटी

हॉटन, मिशिगन
१८ जानेवारी

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. काकांना आणि वहिनींना माझा नमस्कार सांग.

परवा फोनवर तू म्हणालास, "स्लेड, म्हणजे तुझी स्नोमोबाइल, दुरुस्त झाली एवढंच नको सांगूस, काय खोललंस, काय निघालं, ते सगळं लिहून काढ." फोनवर या गोष्टी नीट होतही नाहीत, तुझ्या मागे कॉम्प्रेसर सुरू असतो. कोल्हापुरात बसून स्नोमोबाइल तुझ्या हाताखालून जायची शक्यता नाही, पण यातलं निम्मं तुझ्या रोजच्या कामाचं आहे, म्हणून मुद्दाम खोलात जाऊन लिहितोय.

आधी मशीन समजून घे. पुढे दोन स्की, मागे रबराचा रुंद अखंड पट्टा, त्याला ट्रॅक म्हणतात. इंजिन टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, पाचशे सीसीच्या जरा आतलं, पाण्याने थंड होणारं. पण मोटारीसारखा रेडिएटर नाही. ट्रॅकच्या वर जो अॅल्युमिनियमचा बोगदा असतो त्याच्या आतल्या अंगाला पाणी फिरतं आणि ट्रॅकने उडवलेला बर्फ त्याला थंड करतो. म्हणजे बाहेर उणे वीस असलं तरी नुसत्या टणक, काचेसारख्या बर्फावरून चालवली की इंजिन तापतं, कारण वर उडायला भुसभुशीत बर्फच नसतो. कार्बोरेटर मिकुनीचे व्हीएम, प्रत्येक सिलिंडरला एक. आरएक्स १०० वरच्या व्हीएमचे हे थोरले भाऊच. एअर स्क्रू, रेस दिली की वर उचलणारी स्लाइड, खाचांची सुई, पूर्ण रेसला पेट्रोल मापून सोडणारं बारीक भोकाचं मेन जेट, सगळं तेच, मापं तेवढी मोठी. आणि गिअर नाहीत. कायनेटिक होंडाचा व्हेरिएटर आठव, दोन पुल्या आणि मध्ये रबरी पट्टा, तोच प्रकार, फक्त इथे रोलरऐवजी झुलणारी वजनं आणि दणकट स्प्रिंग.

मी ही घेतली कॅल्युमेटजवळच्या एका आजोबांकडून. गोठ्याला लागून असलेल्या शेडमध्ये दोन हिवाळे नुसती उभी होती, टाकीत जुनं पेट्रोल तसंच. इथल्या पेट्रोलमध्ये बहुधा १० टक्के इथेनॉल असतं, ते उभं राहिलं की काय होतं ते आता तुला तिकडेही दिसत असेल.

तक्रारी चार होत्या. चोक ओढला की सुरू व्हायची, चोक बंद केला की मरायची. गरम झाल्यावर रेसच्या खटक्यावरचा अंगठा सोडला तरी रेस खाली येत नव्हती, तीन हजारांवर लटकून राहायची. चालताना मधेच इग्निशन तुटल्यासारखी गप्प व्हायची आणि पुढच्या क्षणी परत पेटायची. आणि पूर्ण रेस दिली की आवाज भरपूर, वेग नाही.

आजूबाजूच्या जाणत्या लोकांनी सल्ले दिले: मेन जेट मोठं टाक, क्लचची वजनं बदल, स्प्रिंग बदल. माणसं अनुभवी आहेत, पण मला ते पटेना. काका आपल्याला कार्बोरेटरला हात लावू द्यायचे ते प्लग, कॉम्प्रेशन आणि हवेची गळती बघून झाल्यावरच. आजारी इंजिनाचं ट्यूनिंग करायचं नसतं, हे त्यांचं म्हणणं इथे या बर्फात मला अक्षरश: पटलं.

कॉम्प्रेशन दोन्हीकडे १२० पीएसआयच्या आसपास निघालं आणि दोघांत फरक नाममात्र. म्हणजे पिस्टन-रिंगा ठीक. प्लग मात्र बोलले. मॅग्नेटकडचा छान तपकिरी, क्लचकडचा पांढुरका. तेल तेच, पेट्रोल तेच, जेटचे नंबर तेच, आणि एकच बाजू लीन, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी! इथेच मोठ्या जेटचा सल्ला बाद झाला. दोन्हीकडे मोठं जेट टाकलं असतं तर निरोगी सिलिंडर काजळलं असतं आणि आजारी सिलिंडरचा आजार झाकला गेला असता.

पहिली तक्रार सोपी होती. मंद रेसला पेट्रोल देणारे दोन्ही पायलट जेट वार्निशसारख्या पिवळ्या थराने बुजलेले. क्लीनरमध्ये भिजवून हवा मारली, मग एकेक जेट दिव्यासमोर धरून आरपार गोल उजेड दिसतो का ते पाहिलं. तार घातली नाही, भोक कणभर मोठं झालं तरी जेटचा नंबर खोटा ठरतो. शिवाय जेटइतकंच त्याच्या पुढचं बारीक छिद्रही बघावं लागतं, जे कार्बोरेटरच्या नळीत स्लाइडच्या पुढे उघडतं. बरेच जण जेट साफ करतात आणि ते छिद्र तसंच ठेवतात.

लटकणाऱ्या रेसचं कारण कार्बोरेटर इंजिनाला जोडणाऱ्या मॅनिफोल्ड रबरात सापडलं. क्लचकडचं रबर वरून अगदी नवं वाटत होतं. इंजिन सुरू ठेवून त्याच्या खालच्या अंगाला कार्ब क्लीनरचा हलका फवारा मारला आणि रेस लगेच बदलली. रबर काढून हातात वाकवलं तेव्हा चीर उघडली: क्लॅम्पच्या कडेखाली, तळाशी, बोटाच्या पेराएवढी. वाकवल्याशिवाय ती दिसत नाही. थंडीत रबर ताठ होतं आणि इंजिन हललं की नेमकी तेवढीच उघडते. (फवारा गरम सायलेन्सरच्या जवळ मारू नकोस, आणि अग्निशामक नळकांडं हाताशी ठेव.)

रबर बदललं, पण तेवढ्यावर थांबलो नाही. टू-स्ट्रोकचा क्रँककेस म्हणजे पंपच. क्रँकची ऑइल सील गळत असली तर तीही हवा ओढते आणि लक्षणं हुबेहूब तीच. म्हणून प्रेशर टेस्ट केली, ती कशी ते वाच, तुला आवडेल. रक्तदाब मोजायच्या यंत्राचा फुगा आणि घड्याळ घेतलं. त्याच्यावर ३०० पर्यंत पारा चढतो, म्हणजे साधारण ५.८ पीएसआय, आणि या टेस्टला लागतात जेमतेम सहाच. कार्बोरेटरच्या जागी रबरी बूच, एक्झॉस्टला रबराची पट्टी आणि लोखंडी पाटी, पल्स लाइन बंद, फुगा दाबून ३०० वर नेलं आणि काटा बघत बसलो. खाली उतरला तर साबणाचं पाणी मारायचं, बुडबुडा जागा दाखवतो. माझा काटा जागचा हलला नाही. त्या काट्याने जो विश्वास दिला तो कुठल्याही महागड्या मीटरने दिला नसता.

तिसऱ्या तक्रारीमागे एक सुरक्षेचा स्विच होता. स्लेडची रेस अंगठ्याने दाबायच्या खटक्यावर असते. कडक थंडीत कार्बोरेटरमध्ये बर्फ धरून स्लाइड वर अडकली, तर अंगठा सोडूनही गाडी धावत राहील. म्हणून खटक्यात असा स्विच असतो की केबल सैल पडली की तो इग्निशनच तोडतो. माझी केबल मुळातच ढिली होती, त्यामुळे प्रत्येक उंचवट्यावर स्विचला वाटायचं की स्लाइड अडकली. आधी दोन्ही स्लाइड एकाच वेळी उचलतात की नाही ते त्यांच्याखाली ड्रिलचे सारखे बिट ठेवून जुळवलं, मग केबलचा ढिलेपणा केसभर ठेवला, आणि बंद पडणं थांबलं. हा स्विच कायमचा काढून टाकणारे लोक मी पाहिलेत. मला ते अजिबात मान्य नाही. तपासण्यापुरता, गाडी स्टँडवर असताना, कनेक्टर काढावा आणि लगेच लावावा.

आता क्लच. पुढच्या पुलीत वजनं आणि स्प्रिंग, मागच्या पुलीत पीळ दिलेली स्प्रिंग आणि उताराची कॅम. सगळं जुळलेलं असेल तर पूर्ण रेसला टॅकोमीटर इंजिनाच्या कमाल ताकदीच्या आकड्याला जाऊन थांबतो आणि वेग चढत राहिला तरी तिथेच राहतो. माझ्या इंजिनाचा तो आकडा आठ हजारांच्या आसपास. टॅकोमीटर दाखवत होता चारशे-पाचशे जास्त. पुस्तकी उत्तर: वजनं हलकी पडतायत, जड टाका. पण दोन पुल्यांमधला पट्टा घसरला तरी रेस अशीच वर जाते. पट्टा काढून बघितला तर दोन्ही कडा आरशासारख्या चकचकीत, आणि पुलीच्या तबकड्यांवर रबराचा काळा थर. तबकड्या घासणीने घासून स्पिरिटने पुसल्या. तेलाचा थेंबही नाही, कारण ही पुली कोरडीच चालायची असते. दोन पुल्यांमधलं अंतर आणि रेषा तपासली, नवा पट्टा टाकला, तो मागच्या पुलीच्या कडेशी जवळपास सपाट बसतो याची खात्री केली. एकही वजन न बदलता काटा ७,९०० वर आला. विचार कर, आधीच जड वजनं टाकली असती तर नव्या पट्ट्याने इंजिन दाबून टाकलं असतं आणि मी पुढे काय काय बदलत बसलो असतो!

एवढं झाल्यावर जेट. इथे थंडीचं गणित तुझ्यापेक्षा उलट्या टोकाला आहे. एप्रिलमध्ये तुझ्याकडे ३५ अंश, इथे जानेवारीच्या पहाटे उणे २५. दाब सारखाच धरला तरी तेवढ्याच जागेतल्या हवेत इथे साधारण २४ टक्के जास्त ऑक्सिजन. पेट्रोल तेवढंच राहिलं तर मिश्रण लीन, आणि पूर्ण रेसवर लीन म्हणजे पिस्टनच्या एक्झॉस्टकडच्या कडेला भोक. म्हणून कार्बोरेटरच्या स्लेडवर तापमान आणि उंची धरून जेटचे नंबर सांगणारा तक्ता असतो. माझ्यात होते शून्य अंशाच्या आसपासचे. तक्त्याप्रमाणे मोठे टाकले, सुईची क्लिप एक खाच खाली आणली, म्हणजे सुई वर आणि मधल्या रेसला मिश्रण जरा श्रीमंत. मग मोकळ्या सरळ पट्ट्यात पूर्ण रेस, तशीच धरून किल स्विच, आणि प्लग बाहेर. प्लगच्या भोकातून टॉर्च मारून पिस्टनचा माथाही पाहिला. ताजं मिश्रण जिथून आत येतं त्या ट्रान्सफर पोर्टकडच्या कडा धुतल्यासारख्या स्वच्छ, मध्ये तपकिरी थर, हे हवं. कडेपर्यंत सगळंच कोरडं काळं असेल तर लीन, अर्धा माथा धुतलेला असेल तर पेट्रोल जास्त. प्लगच्या रंगापेक्षा मला या खुणेवर जास्त भरवसा वाटतो, कारण हल्लीच्या पेट्रोलवर प्लग लवकर रंग धरत नाही.

आता तुझ्या आरएक्सबद्दल. इंजिन नवं बांधल्यावर रेस लटकते म्हणून तू मेन जेट मोठं टाकलंस म्हणालास. सुहास, ते जेट काढ. रेस सोडल्यावर मेन जेटचा संबंधच नसतो, तिथे पायलट आणि हवेचा कारभार. मॅग्नेटकडचं सील बसवताना त्याची ओठाची कडा उलटली असेल तर नेमकं असंच होतं. फुग्याची टेस्ट कर, तासाभराचं काम आहे. तोवर जोरात पळवू नकोस, पिस्टन जाईल.

एवढी चिकाटी का, तर इथे मशीन रानात बंद पडणं म्हणजे जिवाशी खेळ. आमच्या या किविनॉ द्वीपकल्पाला लेक सुपीरियर तीन बाजूंनी आहे, तलावावरून येणारा वारा बर्फ आणून ओततो. महामार्गाच्या कडेला बर्फाचं माप दाखवणारा एक उंच खांब उभारलाय, १९७८-७९ च्या हिवाळ्याचा आकडा त्यावर सगळ्यात वर आहे: ३९०.४ इंच, म्हणजे जवळजवळ दहा मीटर. ही मशीनंही अशाच बर्फातून जन्मली. कॅनडातल्या क्वेबेकमधल्या जोसेफ-आर्मां बोंबार्डिये यांचा दोन वर्षांचा मुलगा १९३४ च्या हिवाळ्यात गेला, रस्ते बर्फाने बंद होते, दवाखान्यापर्यंत नेता आलं नाही. बर्फावर चालणाऱ्या गाड्यांच्या मागे तो माणूस आधीपासून होता. १९३७ मध्ये त्याने बर्फावर धावणारी बंद मोटार बाजारात आणली आणि १९५९ मध्ये स्की-डू ही स्नोमोबाइल. मला या मशीनचा खेळ म्हणून जेवढा आनंद आहे, तेवढाच ती कशासाठी जन्मली याबद्दल आदर आहे.

बाकीची कामं किरकोळ. ट्रॅकचा ताण जुळवला, प्लास्टिकच्या घसरपट्ट्या बदलल्या, स्कीखालच्या कार्बाइडच्या दांड्या नव्या घातल्या. ऑइल पंपाच्या खुणा जुळवल्या, तरी पहिल्या टाकीला पेट्रोलमध्येही थोडं टूटी ऑइल मिसळलं. गेल्या रविवारी हॉटनहून हँकॉकला गेलो. दोन गावांमधला पूल वर-खाली होणारा आहे, हिवाळ्यात तो अशा उंचीला ठेवतात की वरून मोटारी आणि खालच्या मजल्यावरून स्लेड जातात. तिथून पुढे तांब्याच्या खाणींच्या काळातल्या रेल्वेची जुनी वाट, रूळ कधीच उखडलेले. आठ हजारांवर सलग, एकदाही न अडखळता. तू मागे बसलेला असायला हवा होतास.

एक गोष्ट राहिली आहे, त्यात तुझा कान हवा. चेनकेसच्या, म्हणजे ट्रॅक फिरवणाऱ्या चेनच्या पेटीच्या, खालच्या बेअरिंगमधून ३० ते ४० किलोमीटरच्या वेगात घरघर येते, वेग वाढला की विरते. चेनचा ताण बरोबर आहे, तेल बदललं, तेलात चुरा नव्हता. मागचा भाग उचलून ट्रॅक हाताने फिरवला तर काही लागत नाही. आवाज रेकॉर्ड करून तुला पाठवलाय, एक स्क्रूड्रायव्हर बेअरिंगला टेकवून आणि एक नुसता. ऐक आणि सांग, मोसम संपेपर्यंत चालेल की आत्ताच चेनकेस खोलू?

तुझा,
मिलिंद