माळरानावरही पक्षी पाहायला चला

हिवाळा लागला की नाशिकच्या पक्षीप्रेमींच्या गाड्या नांदूरमध्यमेश्वरकडे वळतात. २०२० मध्ये राज्यातले पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालेले ते पाणथळ आहेच तसे देखणे! पण येवल्याकडचे ममदापूरचे माळरान, शहराजवळचा बोरगड इथेही पक्षीफेऱ्या व्हायला हव्यात. धाविक, माळटिटवी, चंडोल उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. मातीच्या रंगात मिसळलेली ती अंडी सहज पायाखाली येतात, म्हणून फेरी लहान असावी, जाणकारासोबत आणि पायवाटेवरूनच. माळाला ‘पडीक’ समजून तिथे वृक्षारोपण करण्याचा उत्साह मात्र मला फार खुपतो. झाडी दाटली की धाविकाला जागाच उरत नाही. वनविभागाने अशा फेऱ्या आखाव्यात आणि गावातल्या शाळांनाही बोलवावे.

– एक पक्षीप्रेमी वाचक, नाशिक