कोवळ्या घोड्यांची जबाबदारी कोणाची?

संपादक महोदय,

शर्यतीत घोडा जायबंदी झाला की जॉकीने चाबूक किती वापरला यावर चर्चा रंगते. पण दोन वर्षांच्या जनावराला शर्यतीत उतरवण्याचा निर्णय कोणाचा होता, हे क्वचितच विचारले जाते. उत्तर गोलार्धात थरोब्रेड या शर्यतीच्या जातीच्या घोड्यांचे वय सरसकट १ जानेवारीला वाढते, त्यामुळे मे महिन्यात जन्मलेले शिंगरू कागदोपत्री दोन वर्षांचे होते तेव्हा प्रत्यक्षात वीस महिन्यांचेच असते.

या वयात व्यायामच नको, असे माझे म्हणणे नाही; बेताच्या दौडीने वाढती हाडे बळकट होतात, हे पशुवैद्यकाला मान्यच आहे. घाई मात्र घात करते. पुढच्या पायाच्या गुडघ्याखालील नळीवर बोट दाबताच घोडा पाय काढून घेऊ लागला, तर त्या हाडाला ताण सोसवेनासा झाला आहे हे उघड असते. ही खूण बहुधा प्रथम मोतद्दाराच्या, म्हणजे घोड्याची रोज देखभाल करणाऱ्याच्या, लक्षात येते, आणि निर्णयात त्यालाच सर्वांत कमी विचारले जाते. प्रशिक्षक मालकाकडे बोट दाखवतो, मालक प्रशिक्षकावर विसंबल्याचे सांगतो, आणि मालकी भागीदारांत विभागलेली असेल तर विचारायचे तरी कोणाला?

म्हणून प्रत्येक घोड्यामागे एका उत्तरदायी व्यक्तीची नोंद सक्तीची करावी, पशुवैद्याची मनाई अंतिम मानावी आणि शर्यतींतून निवृत्त झालेल्या घोड्यांच्या पालनासाठी बक्षिसाच्या रकमेतूनच ठरावीक हिस्सा कापून घ्यावा.

— एक वाचक