धुळवडीच्या चौकटीत कानालाही जागा द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

धुळवडीच्या आधी आपल्या दैनिकात दरवर्षी एक चौकट येते : अंगाला खोबरेल लावा, केस बांधा, डोळ्यांत रंग गेला तर चोळू नका. चौकट उपयोगाची आहे, मी कापून ठेवते. पण तिच्यात कानाचं नाव मला कधी दिसलं नाही, आणि यंदा आमच्याकडे नेमकं कानावरच आलं.

माझा भाचा मानेवाडा रोडने स्कूटरवर येत होता. हेल्मेट डिकीत! कुठल्याशा गच्चीवरून पाण्याचा फुगा आला तो थेट डाव्या कानावर. घरी पोचला तेव्हा मानेवर लाल ओघळ होता, पण त्या दिवशी लाल रंगाकडे कोण बघतं? आम्ही हसलो. आंघोळ करून तो आडवा झाला आणि उशीच्या अभ्र्यावर लाल ठिपके उमटले, तेव्हा कुठे ते रक्त असल्याचं कळलं. "कानात शिटी वाजून राहिली आत्या, अन् तुझा आवाज मडक्यातून आल्यासारखा येते," असं तो म्हणाला.

यापुढचं लिहायला लाज वाटते. शेजारच्या काकू आल्या. "लसूण टाकून तेल कोमट करा जी, दोन थेंब सोडले की मोकळा होते कान." मी ३१ वर्षं शाळेत शिकवलं, तरी ऐकलं. तेल पडताच पोरगा ओरडला. तिसऱ्या दिवशी कानातून वास येणारं पाणी यायला लागलं, तेव्हा आम्ही कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे धावलो. त्यांचा पहिलाच प्रश्न : "कानात काय काय टाकलं?" आम्ही एकमेकांची तोंडं पाहिली.

पडद्याला भोक पडलं होतं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. बाहेरच्या कानापासून पडद्यापर्यंत जेमतेम अडीच सेंटिमीटरची नळी. तिच्या टोकाला ताणून बसवलेला पडदा, जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी. फुगा किंवा पंजा कानावर सपाट बसला की नळीचं तोंड बंद होतं, आतल्या हवेला पळायला वाट राहत नाही, आणि ती दाबली जाऊन पडदा फाडते. म्हणजे कानाला काही टोचावंच लागतं असं नाही.

अशा फाटक्या पडद्याला बहुतेक वेळा औषधसुद्धा लागत नाही, हे ऐकून मी चकित झाले. तो आपोआप भरतो, काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत. अट एकच, कान कोरडा हवा. आंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापूस कानाच्या तोंडाशी ठेवायचा, पोहायचं नाही, नाक जोरात शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची. घाण पाणी आत गेलं किंवा जंतुसंसर्ग झाला तरच औषध, आणि तेही डॉक्टरांनी लिहिलेलंच. दुकानातून आणलेले थेंब आपल्या मनाने टाकू नयेत. जेंटामायसिनसारखी काही औषधं भोकातून आत पोचली तर आतल्या कानाला इजा करू शकतात. एवढं करूनही भोक बुजलं नाही, तर कानाच्या वरच्या स्नायूवरचं पातळ आवरण काढून त्याचं ठिगळ पडद्याला लावतात. नागपुरातली मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं, दोन्हीकडे कान-नाक-घशाचा विभाग आहे.

आमच्याकडे तेलामुळे जंतुसंसर्ग झाला, म्हणून औषधं घ्यावी लागली. पडदा बुजायला दोन महिने गेले. नंतरच्या श्रवणचाचणीत कान ठीक निघाला.

कानातून रक्त आलं म्हणजे पडदाच फाटला असं नाही. काडीने, हेअरपिनने नळीची कातडी खरचटली तरी थेंबभर येतं. लहान मुलाचा कान रात्रभर ठणकतो, पहाटे रक्त-पू वाहतो आणि ठणका एकदम थांबतो, तेव्हा आया निश्चिंत होतात. मीही झाले असते. तिथे आत साठलेल्या पुवाने पडदा फुटलेला असतो, आणि तपासणी व्हायलाच हवी. मात्र गाडीवरून पडून डोक्याला मार लागला असेल आणि कानातून रक्त किंवा स्वच्छ पाणी येत असेल, तर कवटीचं हाड मोडल्याची शक्यता असते. कानात बोळा कोंबायचा नाही, तडक मोठं इस्पितळ गाठायचं. गरगरत असेल, एकदम ऐकू येईनासं झालं असेल किंवा चेहऱ्याची एक बाजू वाकडी वाटत असेल, तरी तीच घाई.

डॉक्टर बोलत असताना मला माझा वर्ग आठवत होता. शिक्षण हक्क कायद्याने शाळेतल्या शारीरिक शिक्षेवर बंदी घातली ती २००९ साली. त्याआधीच्या वर्षांत माझ्याही हातून दोन-चार कानफटात बसल्या आहेत. त्यातला एक मुलगा नंतर सारखा "काय बाई?" असं विचारायचा आणि मी त्याला दुर्लक्ष करणारा समजायचे. त्याच्या कानात काय झालं होतं, हे मला आता कधीच कळणार नाही. "कानाखाली आवाज काढीन" हे आपण अजूनही गमतीत म्हणतो. एका कानाचं ऐकणं कायमचं गेलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ११६ त्याला गंभीर दुखापत मानतं. तिथे गंमत संपते.

तर विनंती अशी. ३ मार्च हा जागतिक श्रवण दिन, आणि होळी बहुधा मार्चमध्येच येते. पुढच्या वर्षीच्या चौकटीत कानासाठी दोन ओळी छापा : फुगा खांद्याच्या वर मारू नका, आणि कानातून रक्त आलं तर तेल, पाणी, काडी, काहीही आत घालू नका. जागा कमी पडली तर खोबरेलाची ओळ काढा, ती आम्हाला पाठ आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
मानेवाडा, नागपूर