कोविडचा पैसा आणि 'महसुली तूट' नावाचे सदर

महोदय,

अमेरिकेतल्या पालिकांचा कारभार कसा चोख असतो, या अर्थाचे लिखाण आपल्या दैनिकात अधूनमधून वाचायला मिळते. मी जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झालो. मुलगा न्यू जर्सीत असल्याने वर्षातले काही महिने मुक्काम इकडे. सवय जात नाही. कुठेही गेलो तरी अंदाजपत्रक आधी वाचतो. कोविडनंतर इथल्या केंद्र सरकारने स्थानिक संस्थांना दिलेल्या पैशाचा हिशेब पाहिला आणि त्या कौतुकाला थोडी पुस्ती जोडावीशी वाटली.

अध्यक्ष बायडेन यांनी ११ मार्च २०२१ रोजी १.९ लाख कोटी डॉलरच्या कायद्यावर सही केली. त्यातले ३५० अब्ज डॉलर राज्ये, काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारखे राज्याचे विभाग), शहरे आणि आदिवासी जमातींच्या सरकारांसाठी होते. एकट्या काउंट्यांच्या वाट्याला ६५.१ अब्ज आले. आपल्याकडे निधी मंत्रालयातून निघतो तो टप्पे घेत घेत गावात पोहोचतो. इथे मोठ्या शहरांच्या आणि काउंट्यांच्या खात्यात पैसे थेट जमा झाले. लहान गावांना मात्र राज्यामार्फतच मिळाले. एवढा सैल हात सोडण्यामागे कारण होते. २००८ च्या मंदीनंतर इथल्या स्थानिक संस्थांनी माणसे कमी केली आणि ती कळ पुढे बरीच वर्षे पुरली. ते पुन्हा होऊ नये, हा हेतू रास्तच होता.

खर्चाची सदरे चार. साथीमुळे बसलेली आरोग्याची व आर्थिक झळ, जोखमीच्या कामावरच्या लोकांना जादा वेतन, पाणी-सांडपाणी-इंटरनेट आणि चौथे सदर बुडालेल्या महसुलाची भरपाई. पेन्शन फंडात भर घालायची नाही, जुने कर्ज फेडायचे नाही, अशा काही मनाया होत्या. इथवर सगळे नियमात बसणारे.

मेख चौथ्या सदरात आहे. जानेवारी २०२२ मध्ये अर्थ खात्याने अंतिम नियम काढला आणि सांगितले, की १ कोटी डॉलरपर्यंतची महसुली तूट गृहीत धरली जाईल, सिद्ध करायची गरज नाही. आता लहान टाउनशिपला, म्हणजे इथल्या गावाच्या पालिकेला, मिळालेली सगळी रक्कमच १ कोटीच्या आत. म्हणजे सगळाच निधी 'तूट' म्हणून दाखवायचा आणि 'शासकीय सेवां'साठी वापरायचा. शासकीय सेवांत काय येत नाही? पोलिसांची गाडी येते, डांबर येते, बागेतले बाक येतात, कारकुनाचा पगारही येतो. गंमत अशी, की कराचे उत्पन्न धास्ती होती तितके घसरलेच नाही. अनेक ठिकाणी ते लवकर सावरले. तूट नसताना तुटीची भरपाई! आमच्या ऑडिटरने अशा परिच्छेदावर लाल पेन्सिल मोडेपर्यंत रेघा ओढल्या असत्या.

आमच्या भागातल्या एका टाउनशिपच्या सभेला मी मागच्या खुर्चीवर बसून होतो. नाव लिहीत नाही. विषयपत्रिकेवर दहा-बारा ठराव एकत्र बांधलेले, एकच मतदान, दोन मिनिटांत सगळे मंजूर. त्यानंतर नागरिकांना बोलायची वेळ, समोर घड्याळ लावलेले. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारले, की कोविडच्या पैशातून आपल्या गावात नेमके काय झाले? उत्तर आले, "ते सगळे महसुली तुटीत गेले आहे." एवढेच. त्यांची वेळ संपली, पुढच्या माणसाला बोलावले. आपल्या ग्रामसभेत उत्तर देणारा असा सुटला असता का, हा प्रश्न मी स्वतःपाशीच ठेवला. (सुटतातही, हे मला ठाऊक आहे.)

खर्चाची बांधिलकी करायची मुदत ३१ डिसेंबर २०२४ होती, म्हणजे तोवर करार किंवा कार्यारंभ आदेश झालेला हवा. पैसे प्रत्यक्ष खर्च करायला ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत सवलत. मुदत आली की काय होते, हे मार्चअखेर पाहिलेल्या कुणाला सांगायला नको. गरज बाजूला राहते आणि जे लवकर 'बसते' ते घेतले जाते.

नमुने छापून आलेलेच आहेत. मिशिगनमधल्या शियावासी काउंटीच्या आयुक्तांनी जुलै २०२१ मध्ये 'जोखीम भत्ता' म्हणून स्वतःलाच ६५ हजार डॉलर वाटून घेतले. त्यातले २५ हजार एकट्या अध्यक्षांचे. ओरड झाल्यावर परत केले. न्यूयॉर्क राज्यातल्या डचेस काउंटीने १ कोटी २५ लाख डॉलर दुय्यम लीगच्या बेसबॉल मैदानासाठी ठेवले. फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीचे १४ कोटी डॉलर एका आलिशान हॉटेलच्या प्रकल्पाकडे वळले. पहिला प्रकार सोडला तर यात चोरी कुठेच नाही आणि मला तेच खुपते. चोरी पकडता येते, नियमात बसणारी उधळपट्टी पकडता येत नाही.

याच पैशातून चांगलेही झाले. शिकागो ज्या काउंटीत आहे त्या कुक काउंटीने १ कोटी २० लाख डॉलर बाजूला काढून सुमारे १ अब्ज डॉलरपर्यंतची रुग्णांकडे राहिलेली दवाखान्यांची थकबाकी विकत घेऊन माफ करण्याची योजना केली. बुडीत बिले कवडीमोलाने मिळतात, म्हणून हे गणित जमते. ओहायोतल्या टोलिडो शहराने आणि तिथल्या काउंटीने मिळून १६ लाख डॉलर यासाठी दिले. डोके चालवले तर पैसा किती लांब जातो, ते यातून दिसते.

पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातला ६० टक्के हिस्सा आपल्या ग्रामपंचायतींना स्वच्छता आणि पाण्यासाठी बंधित, म्हणजे फक्त त्याच कामांवर खर्च करायचा, असा मिळाला, तेव्हा सरपंच मंडळींनी हात बांधले म्हणून तक्रार केली. मीही तेव्हा त्यांच्याच बाजूचा होतो. इथला अबंधित पैसा पाहिल्यावर तेवढा ठाम राहिलेलो नाही.

आपल्या बऱ्याच वाचकांची मुले न्यू जर्सीतल्या एडिसन गावात आणि आसपास राहतात, तिथे कर भरतात, दिवाळीला टाउनशिपचा हॉल भाड्याने घेतात. त्यांना एवढेच सांगा: अर्थ खात्याकडे गेलेले अहवाल सर्वांसाठी खुले आहेत, आपल्या गावाची ओळ काढून बघा. तिथे नुसते 'शासकीय सेवा' लिहिलेले असेल तर टाउनशिपच्या क्लार्ककडे कागद मागा. न्यू जर्सीत त्यासाठी सार्वजनिक अभिलेखांचा कायदा आहे आणि उत्तर साधारणपणे सात कामकाजी दिवसांत द्यावे लागते. आपल्या माहिती अधिकारात तीस दिवस लागतात. अर्जात बिलांच्या प्रती, ठेकेदाराचे नाव आणि ठरावाचा क्रमांक हे तिन्ही मागावे. नुसती एकूण रक्कम मागितली, तर नुसती एकूण रक्कमच मिळते.

– एक निवृत्त लेखाधिकारी, सातारा (सध्या मुक्काम न्यू जर्सी)