बाबांची चप्पल आणि तो एम बँड

प्रिय आई-बाबा,

फोनवर बाबा विषय बदलतात आणि आई रडायला लागते म्हणून लिहितेय, आई तू मोठ्याने वाच म्हणजे बाबांनाही ऐकावंच लागेल.

बाबा, चालताना चप्पल निसटून मागे राहते आणि तुम्हाला पत्ताच नसतो, बेसिनवर तोंड धुताना डोळे मिटले की झोक जातो, हे वयामुळे नाहीये. दीड वर्ष बी ट्वेल्व्हची इंजेक्शनं झाली, शुगर नॉर्मल असून आईने तुमचा चहा बिनसाखरेचा केला. तेवढा वेळ गेला याचं मला फार वाईट वाटतं.

रिपोर्टमधल्या एम बँडला घाबरलात ना? शरीरात अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी नाना तऱ्हेच्या असतात, त्यातल्या एकीचीच पिल्लावळ वाढली की एकाच छापाची अँटिबॉडी ढीगभर तयार होते आणि इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये, म्हणजे रक्तातली प्रोटीनं वेगवेगळी करून बघतात त्या टेस्टमध्ये, तिचा वेगळा पट्टा दिसतो, बस्स. पन्नाशीनंतर १०० तल्या साधारण ३ जणांना असा पट्टा सापडतो, बहुतेकांना काही त्रास नसतो. तुमची अँटिबॉडी आयजीएम जातीची आहे आणि ती नेमकी नसांवरच्या मायलिनच्या आवरणातल्या मॅग नावाच्या प्रोटीनला चिकटते. पायाच्या नसा सगळ्यात लांब, म्हणून सुरुवात तिथून. तळव्यांना जमीन नीट कळत नाही, तुम्ही डोळ्यांच्या भरवशावर उभे राहता.

आई, हा कॅन्सर नाही गं. पुढे वर्षाला शंभरात एक-दोघांचं तसं होऊ शकतं, म्हणूनच दर सहा महिन्यांनी रक्त तपासायचं, 'बरं वाटतंय आता कशाला' हे चालणार नाही. डॉक्टर रिटुक्सिमॅब म्हणाले ते औषध सलाइनमधून देतात, सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, आणि आधी हिपॅटायटिस बीची टेस्ट लागते. आजार हळू सरकतो त्यामुळे उद्याच ठरवायची घाई नाही, पण हिमॅटॉलॉजिस्टची, म्हणजे रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट चुकवायची नाही. खर्चाचं नाव काढू नका बाबा, मी आहे.

मागे पट्टा असलेल्या सँडल पाठवल्यात, त्याच घाला. बाथरूमचा दिवा रात्रभर चालू राहू दे. आंघोळीचं पाणी आईने हाताने बघून द्यायचं, पायाला चटका बसला तरी कळणार नाही. तळवेही रोज बघ गं, कुठे खरचटलंय का.

१२ तारखेला येतेय, हिमॅटॉलॉजिस्टकडे आपण तिघं जाऊ.

तुमची,
मनू