मंत्रिमहोदय, ओटीपी तिच्या फोनवर येऊ द्या

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री, महाराष्ट्र राज्य
स.न.वि.वि.

पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीत मी घरकाम करणाऱ्या बायकांना मोबाइल शिकवते. टॉवर किती उभे राहिले याचे आकडे सरकार देतं. पण भर पुण्यात, रेंज असूनही बायका इंटरनेटपासून लांब का, हे कुणी विचारत नाही.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, वस्तीत स्मार्टफोन शिरला. पण कोणाच्या हातात? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५७ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलं होतं, बायकांपैकी फक्त ३३ टक्क्यांनी. घरात चांगला फोन एकच असला तर तो नवऱ्याकडे किंवा मुलाकडे; बाईकडे बटणांचा. जुलै २०२४ मध्ये कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हा कित्येक घरांत आधी तिचंच रिचार्ज थांबलं.

लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणीत, हे उघडं पडलं. योजना तिची, खातं तिचं, पण आधारला जोडलेला नंबर मुलाचा, म्हणून ओटीपी त्याच्या फोनवर आणि मुलगा हिंजवडीला कामावर. तो घरी येईस्तोवर ओटीपीची मुदत संपलेली. नंबर बदलायला आधार केंद्रात जावं तर खाडा पडतो, पैसे कापले जातात.

त्याहून मोठी अडचण भीतीची. ‘चुकीचं बटण दाबलं आणि पैसे गेले तर?’ हा प्रश्न भाबडा नाही. हातावर पोट असलेल्या घराला एक चूक परवडत नाही. शेजारणीची फसवणूक झाली की गल्लीतल्या बायका यूपीआयला हात लावेनाशा होतात. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करता येते हेही त्यांना माहीत नसतं. उलट एकीने स्वतः गॅसचा नंबर लावला की तिला बघून दुसऱ्या शिकायला येतात. जाहिरातींनी हे होत नाही.

म्हणून मागणी अशी: प्रत्येक मोठ्या वस्तीत तिथलीच एक जाणती बाई मानधनावर नेमा, जिच्याकडे फोन घेऊन विनामूल्य जाता येईल. हे काम अंगणवाडी सेविकांच्या गळ्यात टाकू नका, त्यांच्यावर आधीच फार बोजा आहे. आधारचा नंबर बदलायची शिबिरं वस्तीत, सुट्टीच्या दिवशी भरवा. आणि कोणतीही योजना केवळ ॲपवर ठेवू नका. कागदी अर्जाची खिडकी उघडी राहू द्या.

पुण्यात आलात तर रविवारी दुपारी वस्तीत या. बायका तेव्हाच मोकळ्या असतात.

आपली,
एक पुणेकर कार्यकर्ती