जुने गुण दिसू द्या, मोजू नका

कमी गुण पडलेल्या विद्यार्थ्यांना नवी सुरुवात द्यावी, हा आपल्या अंकातील लेख पटला. जत-आटपाडीकडून पहाटेच्या एसटीने सांगलीला येणाऱ्या मुलाची गाडी चुकली की प्रॅक्टिकल बुडते. पुढे तो सावरतो. पण पहिल्या दोन सत्रांची घसरण पदवीच्या सरासरीत कायम राहते, आणि नोकरी देणारे आधी सरासरीच पाहतात. अमेरिकेतील काही विद्यापीठे शिक्षणात खंड पडून परतलेल्यांचे जुने गुण गुणपत्रकात ठेवतात, सरासरीत मात्र धरत नाहीत. आपल्याकडची क्रेडिट बँक, म्हणजे विद्यार्थ्याच्या श्रेयांकांचे ऑनलाइन खाते, पूर्ण केलेल्या विषयांची क्रेडिट्स (श्रेयांक) कमाल ७ वर्षे जपते, तेवढ्याने हे दुखणे जात नाही. शिवाजी विद्यापीठाने अशी मुभा जरूर द्यावी. ज्या विषयांत गुण घसरले, ते विद्यार्थ्याने पुन्हा द्यावेत. फुकटचे गुण कोण मागतो आहे?

— एक निवृत्त प्राध्यापक, सांगली